खेळ अडतो तो इंटरनेटमुळे नव्हे, भिंतीमुळे

ज्या टीव्हीवर क्रिकेटचा अख्खा सामना एकदाही न अडखळता दिसतो, त्याच टीव्हीवर आतल्या खोलीतील संगणकाचा गेम आणला की चित्र फाटू लागते, आवाज तुटतो आणि बटण दाबल्यावर पडद्यावरचा फलंदाज क्षणभर विचार करून बॅट फिरवतो. असे झाले की घरातील तरुण मंडळी इंटरनेटवर ठपका ठेवतात आणि पुढच्या महिन्यात दुप्पट वेगाचा प्लॅन घेतला जातो. गेम मात्र पूर्वीसारखाच अडखळत राहतो. या व्यवहारात इंटरनेटचा मुळी भागच नसल्यामुळे दुसरे काही होण्याची शक्यताही नसते.

कर्नाटकातील बिदर आणि कलबुर्गी या सीमावर्ती जिल्ह्यांत ही अडचण विशेष जाणवावी अशी घरांची रचना आहे. तिचे कारण गोव्यातील वाचकाला चटकन ओळखता येईल. बिदर शहर ज्या पठारावर वसले आहे ते जांभ्याचे आहे. आपल्याकडे ज्याला चिरा म्हणतात तोच हा तांबडा, सच्छिद्र दगड. कलबुर्गीकडे सरकावे तसा जांभा मागे पडतो आणि चुनखडीचा दगड लागतो. गोव्यापासून विदर्भापर्यंत घरोघरी ज्या शहाबादी फरशीवर माणसे वावरली, ते शहाबाद याच कलबुर्गी जिल्ह्यातले. भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या मराठी बोलल्या जाणाऱ्या तालुक्यांत जुनी घरे माळवदाची आहेत. दगडमातीच्या दीड-दोन फूट जाडीच्या भिंती, वर लाकडी तुळया आणि त्यावर मातीचे धाबे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी जुन्या बिदर जिल्ह्याची वाटणी झाली, उदगीर, निलंगा आणि अहमदपूर तालुके मुंबई राज्यात गेले आणि बिदरसह बराचसा भाग म्हैसूर राज्यात गेला. भिंतींची जाडी मात्र सीमेच्या दोन्ही बाजूंना सारखीच राहिली. उन्हाळ्यात घर थंड ठेवणाऱ्या या भिंती वायफायच्या लहरींनाही तितक्याच निष्ठेने अडवतात.

संगणकाचा गेम टीव्हीवर आणणे म्हणजे नेमके काय घडते, हे आधी पाहायला हवे. गेम चालतो तो संगणकावरच. त्यातील ग्राफिक्स कार्ड सेकंदाला साठ चित्रे तयार करते. टीव्हीच्या नेहमीच्या फुल एचडी आकारात, म्हणजे १९२० गुणिले १०८० बिंदूंमध्ये, ही चित्रे जशीच्या तशी पाठवायची झाली तर दर सेकंदाला सुमारे ३०० कोटी बिट इतकी माहिती वाहून न्यावी लागेल. घरातल्या वायफायला ते पेलणारे नाही. म्हणून प्रत्येक चित्र तयार होताक्षणी त्याच कार्डात बसवलेला एन्कोडर ते दाबून लहान करतो. दाबलेला प्रवाह सेकंदाला साधारण २ कोटी बिटांचा, म्हणजे २० एमबीपीएसचा असतो. मूळच्या दीडशेव्या हिश्शाएवढा. हा प्रवाह राउटरमार्गे टीव्हीकडे जातो, टीव्हीवरील अॅप तो उलगडून दाखवते आणि खेळणाऱ्याने दाबलेल्या बटणाचा निरोप त्याच वाटेने उलटा संगणकाकडे येतो. सगळा प्रवास घराच्या चार भिंतींतला. रस्त्याच्या कामात फायबरची तार तुटून बाहेरचे नेट बंद पडले असले, तरी घरातला राउटर चालू असेल तोवर ही वाट खुली असते.

मग चित्रपट न अडखळता दिसतो आणि गेमच का अडखळतो? उत्तर साठवणीत आहे. चित्रपट दाखवणारे अॅप पुढच्या काही सेकंदांचा भाग आधीच उतरवून ठेवते. मध्येच अर्धा सेकंद वायफाय मंदावले तरी साठवलेल्या भागावर वेळ निभावून नेली जाते आणि पाहणाऱ्याला पत्ताही लागत नाही. थेट प्रक्षेपणसुद्धा मैदानातल्या प्रत्यक्ष क्षणाच्या काही सेकंद मागेच असते. पूर्वी शेजारच्या रेडिओवर चौकार आधी ऐकू येई आणि टीव्हीवर नंतर दिसे, तसाच हा प्रकार. गेममध्ये ही सोय नाही. पुढचे चित्र कोणते असेल हे खेळणाऱ्याच्या अंगठ्यावर ठरते. अंगठा हलण्यापूर्वी ते चित्र जगात अस्तित्वातच नसते, तर साठवायचे काय?

सेकंदाला साठ चित्रे म्हणजे प्रत्येक चित्राच्या वाट्याला सुमारे १६.७ मिलिसेकंद येतात. सेकंदाचा हजारावा भाग म्हणजे एक मिलिसेकंद. हे आकडे क्षुल्लक वाटतात, पण क्रिकेटच्या भाषेत मांडले की त्यांचे वजन कळते. ताशी १४० किलोमीटर वेगाने आलेला चेंडू १०० मिलिसेकंदांत जवळजवळ चार मीटर पुढे सरकतो. दोन यष्ट्यांमधले अंतर वीस मीटरहून थोडेच अधिक असते. संगणक आणि टीव्ही यांच्यातील येण्याजाण्यात एवढा उशीर झाला, तर फलंदाजी करणाऱ्याला चेंडू जिथे दिसतो तिथून तो केव्हाच पुढे गेलेला असतो. एकसारखा उशीर असेल तर हात काही वेळाने त्याला सरावतो. खरा घात होतो तो उशीर क्षणोक्षणी बदलतो तेव्हा. एका चेंडूला २० मिलिसेकंद, दुसऱ्याला ९०. अशा खेळाला हात कधीच सरावत नाही. आणि जाड भिंतीआडचे वायफाय नेमके असेच वागते.

भिंत नेमके काय करते

वायफायचे राउटर बहुधा दोन पट्ट्यांत बोलतात. २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा दूरवर पोचतो, पण तो गर्दीचा आहे. त्यात एकमेकांवर न चढणाऱ्या वाहिन्या तीनच मिळतात आणि त्याच जागेत शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह भट्टीही असते. ५ गिगाहर्ट्‌झचा पट्टा ऐसपैस आणि वेगवान, पण भिंत ओलांडताना तो लवकर थकतो. एका पातळ विटेच्या भिंतीचा फारसा त्रास होत नाही. दोन फुटी भिंत म्हटली की प्रश्न बदलतो. त्यातही जांभा पाणी धरून ठेवणारा. पावसाळ्यात ओल मुरलेली भिंत लहरींची ताकद आणखी खाते. उन्हाळ्यात बरा चाललेला गेम श्रावणात का रडतो, याचे एक उत्तर त्या ओलीत सापडू शकते.

नव्या घरांचे दुखणे वेगळे आहे. कलबुर्गीतल्या नव्या वसाहतींत भिंती पातळ असतात, पण मुलांची खोली वर आणि टीव्ही खाली, मध्ये लोखंडी सळयांचा स्लॅब. सळयांची जाळी लहरींना परतवण्याचे काम चोख करते.

याहून मोठी, आणि सहसा कुणाच्या ध्यानात न येणारी गोष्ट पुढेच आहे. संगणकही वायफायवर आणि टीव्हीही वायफायवर असेल, तर प्रत्येक चित्र हवेतून दोनदा जाते. एकदा संगणकाकडून राउटरकडे, पुन्हा राउटरकडून टीव्हीकडे. एका वाहिनीवर एका वेळी एकालाच बोलता येत असल्याने उपलब्ध वेळ तिथेच निम्मा होतो. त्यात कुणाचा फोन रील्स ओढत असेल, कुणाचे छायाचित्र पाठवले जात असेल, तर प्रत्येकाची पाळी येईपर्यंत चेंडू यष्टिरक्षकाच्या हातात पोचलेला असतो.

यावरचा उपाय आधुनिक अजिबात नाही. तो म्हणजे तार. संगणक आणि राउटर यांच्यात कॅट-६ प्रकारची लॅन केबल टाकली, तर हवेतला अर्धा प्रवास एका झटक्यात नाहीसा होतो. तारेवरचा उशीर एका मिलिसेकंदाच्याही आत असतो आणि मुख्य म्हणजे तो सतत तेवढाच राहतो. टीव्हीलाही तार जोडता आली तर उत्तमच. बऱ्याच टीव्हींचे लॅन पोर्ट १०० एमबीपीएसचेच असते, म्हणून काहीजण नाक मुरडतात. पण आपला प्रवाह २० ते ४० एमबीपीएसचा असल्याने त्या पोर्टात तो सुखाने मावतो. अशी केबल १०० मीटरपर्यंत बिनबोभाट काम करते. एवढ्या लांबीत भालकीतला मोठ्यातला मोठा वाडाही बसेल. बाजारात २०-२५ मीटर केबल दोन्ही टोकांना जोडण्यांसह हजार रुपयांच्या आत मिळते. फुगवलेल्या प्लॅनचे वर्षभराचे वाढीव पैसे याहून कितीतरी अधिक होतात.

टीव्हीकडे तार नेणे शक्यच नसेल, तर राउटर टीव्हीच्या खोलीत आणावा, संगणकाला तार द्यावी आणि टीव्ही ५ गिगाहर्ट्‌झवर ठेवावा. फायबर जोडणारा माणूस राउटर बहुधा तार घरात शिरते तिथे, दरवाजाच्या चौकटीवर ठोकून जातो. ती जागा त्याच्या सोयीची असते, घराच्या नव्हे. स्वस्त टीव्हींमध्ये पुष्कळदा २.४ चाच पट्टा असतो, त्यांना मात्र तारेवाचून गत्यंतर नाही. आणि संगणक टीव्हीच्या भिंतीला लागूनच असेल, तर स्ट्रीमिंगचा खटाटोप सोडून सरळ एचडीएमआय केबल जोडावी. दहा मीटरपर्यंत ती सहसा चालते आणि तिच्या तोडीचे दुसरे काही नाही.

अॅप कोणते

घरातल्या घरात गेम पाठवण्याची सोय सामान्य खेळाडूंपर्यंत आणली ती अमेरिकेतील व्हॉल्व्ह या कंपनीने. तिच्या स्टीम या गेम-दुकानात मे २०१४ मध्ये ही सुविधा सर्वांना खुली झाली. नोव्हेंबर २०१५ मध्ये टीव्हीला जोडायची स्टीम लिंक नावाची छोटी पेटीही निघाली. टीव्हीच हुशार होऊ लागल्यावर २०१८ च्या अखेरीस पेटी बंद झाली आणि तिच्या जागी फुकट अॅप आले. अँड्रॉइड टीव्ही असेल तर ते प्ले स्टोअरमधून घेता येते.

दुसरा मार्ग थोड्या खटपटीचा, पण अधिक तल्लख. एनव्हिडिया कंपनीने आपल्या कार्डांसाठी गेमस्ट्रीम नावाची पद्धत काढली होती. ओहायोतील केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी २०१३ च्या सुमारास ती पद्धत समजून घेऊन इतर उपकरणांवर चालणारे मुक्त सॉफ्टवेअर लिहिले. तेच पुढे मूनलाइट झाले. फेब्रुवारी २०२३ मध्ये एनव्हिडियाने गेमस्ट्रीम गुंडाळले, तरी मूनलाइट टिकले, कारण संगणकाच्या बाजूचे काम सनशाइन नावाच्या दुसऱ्या मुक्त सॉफ्टवेअरने तोवर उचलले होते. शिवाय सनशाइन एएमडी आणि इंटेलच्या चिपांवरही चालते. कंपनीने सोडून दिलेली गोष्ट वापरणाऱ्यांनी चालू ठेवल्याची अशी उदाहरणे या क्षेत्रात फार नाहीत. गूगलची स्टेडिया सेवा दूरच्या सर्व्हरवरून गेम पुरवत असे. ती भारतात कधी आलीच नाही आणि १८ जानेवारी २०२३ रोजी जगभर बंद पडली. तिच्यासाठी विकत घेतलेले गेमही तिच्याबरोबरच गेले. गूगलने गेमचे पैसे परत केले, ही गोष्ट वेगळी.

जोडणी अवघड नाही. संगणकावर सनशाइन बसवून त्याच्या पानावर नाव आणि पासवर्ड ठरवायचा, टीव्हीवर मूनलाइट उघडायचे, ते चार आकडी पिन दाखवते, तो संगणकावर भरायचा. संगणक दिसलाच नाही, तर टीव्ही ‘गेस्ट’ वायफायवर तर नाही ना, हे आधी पाहावे. गेस्ट जाळे पाहुण्यांना घरातल्या यंत्रांपासून दूर ठेवण्यासाठीच असते. विंडोजमध्ये घरचे जाळे ‘पब्लिक’ असे नोंदले गेले असेल, तरीही फायरवॉल वाट अडवते. ते ‘प्रायव्हेट’ करावे. सुरुवात फुल एचडी, साठ चित्रे आणि २० एमबीपीएसने करावी. अडखळले तर आधी एमबीपीएस उतरवावे, मग आकार. मूनलाइटमध्ये खेळताना पडद्याच्या कोपऱ्यात आकडे दाखवण्याची सोय आहे. नेटवर्कचा उशीर, गहाळ झालेली चित्रे, उलगडण्याला लागलेला वेळ, हे सारे तिथे वेगवेगळे दिसते आणि दोष भिंतीचा की टीव्हीचा, याचा निवाडा पाच मिनिटांत होतो.

टीव्हीचा दोषही असू शकतो. चित्र अधिक गुळगुळीत दिसावे म्हणून टीव्ही दोन चित्रांच्या मध्ये स्वतःची चित्रे घालत बसतो आणि त्यासाठी थांबतो. चित्रपटात ते चालून जाते. गेमसाठी सेटिंगमध्ये जाऊन ‘गेम मोड’ लावावा, म्हणजे ही सजावट बंद होते. तार टाकूनही उशीर जाणवला तर बहुतेक वेळा कारण इथेच सापडते. टीव्हीची चिप फार जुनी असेल, तर एचडीएमआयला लावायची अँड्रॉइड टीव्हीची कांडी हा तुलनेने स्वस्त पर्याय आहे.

कोणता गेम टीव्हीवर आणावा, हेही पाहायला हवे. फलंदाजी, मोटारशर्यत, बंदुकीचे स्पर्धात्मक खेळ यांत प्रत्येक मिलिसेकंद मोजला जातो. ते तारेशिवाय आणूच नयेत. कथा सांगणारे, कोडी घालणारे, डावपेचांचे गेम थोडा उशीर सहज सोसतात. पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या चमूने केलेला ‘राजी: अॅन एन्शंट एपिक’ हा गेम २०२० मध्ये आला. देवदानवांच्या कथेतून जाणारी त्यातली मुलगी आणि राजस्थानी वळणाचे तिचे महाल लॅपटॉपच्या पडद्यापेक्षा मोठ्या टीव्हीवर कितीतरी खुलतात.

हे सगळे कशासाठी, असा प्रश्न घरातील वडीलधारी विचारतील आणि तो रास्त आहे. प्लेस्टेशन ५ भारतात फेब्रुवारी २०२१ मध्ये आला तेव्हा त्याची किंमत ४९,९९० रुपये होती. निमशहरी घरात मुलाच्या अभियांत्रिकीच्या शिक्षणासाठी एक बरा संगणक आधीच कर्ज काढून किंवा बोनस मोडून घेतलेला असतो. त्याच्या शेजारी खेळण्याचे दुसरे यंत्र मागणे म्हणजे घरात वाद. पण पैशापेक्षाही मोठा मुद्दा जागेचा आहे. संगणक आतल्या खोलीत, तिचे दार लावलेले, आणि मुलगा तिथे काय करतो हे बाहेर कुणालाच ठाऊक नाही. या अज्ञानातूनच निम्मे संशय जन्मतात. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन गेमना बंदी करणारा कायदा केला. त्यानंतर अनेक घरांत ‘गेम’ हा शब्दच वाईट ठरला असेल, तर नवल नाही. संगणकावरच्या विकत घेतलेल्या कथेच्या गेमचा त्या कायद्याशी संबंध नाही. हे मुलाने तोंडाने सांगण्यापेक्षा गेम बैठकीच्या खोलीत आणून दाखवणे अधिक परिणामकारक. आजी शेजारी बसून कोण वाईट आणि कोण चांगला हे विचारू लागते, धाकटी बहीण दुसरा कंट्रोलर मागते, आणि साडेनऊला मालिकेची वेळ झाली की खेळ थांबतो. बंद खोलीत ही वेळ कुणी पाळत नाही.

उन्हाचाही विचार आहे. एप्रिल-मेमध्ये कलबुर्गीचा पारा चाळिशीच्या वर असतो. ग्राफिक्स कार्डाचा संगणक गेम चालू असताना ३०० ते ४०० वॉट वीज खातो आणि ती अखेर उष्णता होऊन खोलीतच उतरते. पंख्यांची घरघर वेगळी. ही शेगडी आत राहावी आणि बैठकीत केवळ चित्र यावे, यात सोयच आहे. वीज गेली तर राउटरचा छोटा यूपीएस काही वेळ टिकतो, पण संगणक एकदम बंद पडतो. त्यालाही यूपीएस नसेल तर गेम वरचेवर सेव्ह करावा. बाहेरचे नेट बंद असताना खेळायचे, तर सनशाइन-मूनलाइटची जोडी चालते. मात्र काही गेम सुरू होतानाच कंपनीच्या सर्व्हरची परवानगी मागतात, ते उघडत नाहीत.

राहता राहिले भिंतीला भोक पाडणे. जांभा कोरायला सोपा. बिदरच्या किल्ल्याचा खंदक याच दगडात खोदलेला आहे, आणि बहामनी काळात शहराला पाणी पुरवणारे कारेझ, म्हणजे भुयारी कालवे, याच दगडातून नेले गेले. तेव्हा लांब ड्रिलने लॅन केबलपुरते भोक पाडणे गवंड्याला जड नाही. मातीत रचलेल्या माळवदाच्या भिंतीवर मात्र दणके देणारे ड्रिल चालवू नये. माती सुटते आणि भगदाड होते. तिथे केबल चौकटीच्या वरून किंवा खिडकीच्या कोपऱ्यातून न्यावी. विजेच्या तारा जातात त्या पाइपात लॅन केबल घालू नये. अंगणापलीकडच्या वेगळ्या इमारतीत न्यायची असेल, तर तांब्याची केबल उघड्यावर टाकू नये, वीज कडाडली की दोन्ही टोकांची यंत्रे जातात. अशा ठिकाणी फायबर बरी. बाहेरच्या भिंतीतले भोक आतून बाहेर किंचित उतरते ठेवावे आणि केबल आत शिरण्यापूर्वी तिला खाली एक झोल द्यावा, म्हणजे पावसाचे पाणी केबलवरून आत न येता झोलाच्या टोकावरून बाहेरच ठिबकते. हे काम मृगाचा पाऊस लागण्याआधी उरकावे. जांभा एकदा भिजला की भोकाभोवती लावलेला सिमेंट नीट धरत नाही.